बीजक कोणापाशी?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत गंगाजळीची हकीकत कानावर पडली नाही असा मनुष्य विरळा. जयाजीराव महाराज शिंदे यांच्या काळी किल्ल्यावरील गुप्त तळघरांत राज्याचा खजिना ठेवलेला होता. त्या तळघरांचा ठावठिकाणा उलगडणारी जी सांकेतिक खूण, तिला बीजक म्हणत. आणि हे बीजक गादीवरील पुरुषासच काय ते ठाऊक असावयाचे, असा परिपाठ होता. १८८६ साली महाराज निवर्तले तेव्हा युवराज माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. बीजक सांगावयाचे राहून गेले. पुढे कित्येक वर्षांनी खजिना माधवराव महाराजांच्या हाती लागला तो अपघातानेच, असे सांगतात. राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या आत्मचरित्रातही ही हकीकत आलेली आहे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आमचे सारे लक्ष मोहरांच्या राशींवर असे. पन्नाशी उलटल्यावर आता त्या मधल्या वर्षांचेच नवल वाटते. खजिना जागच्या जागी, मालक जागच्या जागी, वाटेवर पहारे चोख, आणि तरीही एक शब्द एका माणसाबरोबर गेला म्हणून सगळे व्यर्थ!

हे आज आठवण्याचे कारण म्हणजे अशा लहान लहान गंगाजळ्या आता आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी टेबलावर मांडलेल्या असतात. आम्ही संगणकाविषयी बोलत आहोत. गेल्या दीडदोन वर्षांत आम्हांस असे दोन प्रसंग पाहावे लागले, एक शाळेत आणि एक शेजारी. दोन्ही प्रसंगी यंत्र धडधाकट होते, आतले कागदपत्र शाबूत होते, आणि दोन्ही प्रसंगी संगणकाचे नूतनीकरण झाल्यावर, म्हणजे ज्याला सगळेजण अपडेट म्हणतात ते झाल्यावर, त्याने एकच प्रश्न विचारला : येथला कारभारी कोण?

कारभारी हा शब्द आमचा. संगणक त्याला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतो, सरकारी परिपत्रके प्रशासक म्हणतात. मराठीच्या मास्तराला कारभारी बरा वाटतो, कारण या शब्दात हुद्दा आहे आणि जबाबदारीही आहे. एकाच संगणकावर अनेकांची खाती असू शकतात. त्यांतली काही साधी; त्यांत बसून पत्र लिहावे, हिशेब मांडावा, छायाचित्रे पाहावीत. नवा प्रोग्रॅम बसवणे, दुसऱ्याचे खाते उघडणे वा बंद करणे, यंत्राच्या मूळ मांडणीत हात घालणे, हे अधिकार मात्र कारभाऱ्याच्या खात्याचे. विंडोज या कार्यप्रणालीत २००७ च्या व्हिस्टा आवृत्तीपासून असे प्रत्येक काम करण्यापूर्वी पडदा मंद करून अनुमती मागण्याची रीत आली. साध्या खात्यावर बसलेल्याने ते काम मागितले, तर कारभाऱ्याचा संकेतशब्द द्यावा लागतो. आम्हांस ही व्यवस्था मुळीच जाचक वाटत नाही. शाळेच्या तिजोरीची किल्ली प्रत्येक शिक्षकाच्या खिशात असू नये, हे कोणीही मान्य करील.

आमच्या शाळेत संगणक एकच, मुख्याध्यापकांच्या खोलीत. तो पुरवणाऱ्या दुकानाच्या तंत्रज्ञाने त्यावर दोन खाती उघडली होती : एक शाळेच्या नावाचे, साधे, दुसरे स्वतःचे, कारभाऱ्याचे. स्वतःच्या खात्याचा संकेतशब्द त्याने कोणास दिला नाही, बिलावरही लिहिला नाही. तीन वर्षे कोणाचे काही अडले नाही. एका सोमवारी, नूतनीकरण होऊन गेल्यावर, प्रिंटर मुका झाला. त्याचा प्रोग्रॅम पुन्हा बसवावयाचा तर पडद्यावर त्या तंत्रज्ञाचे नाव आणि त्याखाली संकेतशब्दाची रिकामी चौकट. शिष्यवृत्तीची यादी सही-शिक्क्यानिशी शुक्रवारपर्यंत जनशिक्षा केंद्राकडे जावयाची होती. यादीत ६३ मुले होती, आणि त्यांतील बहुतेकांच्या घरी ही रक्कम वह्या-बुटांत जमा धरलेली असते हे आम्ही जाणून होतो.

अशा वेळी माणसे दोन टोकांना जातात. आमचे लिपिकबाबू म्हणाले, यादी हातानेच लिहून काढू. एक तरुण शिक्षक म्हणाले, "सर, मोबाईलवर एक युक्ती सापडली आहे, काळ्या पडद्यावर दोन ओळी टाकल्या की कुलूप उघडते." अशा चोरवाटा आहेत हे खरे. परंतु सरकारी यंत्राच्या खिडकीचे गज कापण्यास आम्ही संमती दिली नाही. या धांदलीत एक साधी गोष्ट सगळे विसरले होते. यादी साध्या खात्यातच होती आणि साधे खाते व्यवस्थित उघडत होते. ती पेनड्राइव्हवर घेतली, जनशिक्षा केंद्राच्या संगणकावर छापली, बुधवारी दुपारी पोचती केली. माल आपल्या हाती आहे की नाही, हा एक प्रश्न आणि अधिकार आपल्या हाती आहे की नाही, हा दुसरा. यांची गल्लत झाली की घबराट उडते.

अधिकाराचा प्रश्न त्यानंतर सवडीने सोडवला. दुकान बंद झालेले होते. शेजारच्या दुकानदाराकडून तंत्रज्ञाचा क्रमांक मिळाला. तो दुसऱ्या शहरी नोकरीस लागला होता. फोनवर अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, वो तो दुकान का नाम है, आगे एक-दो-तीन।" तीन वर्षे ज्या दाराकडे आम्ही आदराने पाहत होतो, त्याचे कुलूप हे असे! त्या खात्यातून प्रथम शाळेच्या नावाने नवे कारभारी खाते केले, ते उघडते याची खात्री करून घेतली, आणि मगच तंत्रज्ञाचे खाते काढून टाकले. हा क्रम उलटा करू नये. शेवटचा कारभारी आधी गेला तर त्याच्या जागी दुसरा नेमण्यास कोणी उरत नाही. अनुमतीच्या चौकटीत 'यस' हे बटण फिकट पडते आणि दाबताच येत नाही. विंडोजचे स्वतःचे एक मूळ कारभारी खाते आत असते खरे, पण तेही व्हिस्टापासून मुळात निद्रिस्तच ठेवलेले असते.

आता, नूतनीकरणानंतर कारभाऱ्याचे दार न उघडल्यास काय पाहावे, हे येथे थोडे विस्ताराने सांगतो. कारण आपल्या घरांतील तरुण मंडळी बहुधा पुणे-बंगळूरला किंवा समुद्रापलीकडे असतात आणि घरी उरतात ती आमच्या वयाची माणसे.

पहिल्याने कळपट्टी पाहावी. ऐकून हसू येईल, परंतु ज्यांनी मराठी वा हिंदी टंकलेखन बसवून घेतले आहे त्यांच्याकडे प्रवेशाच्या पडद्यावर भाषा बदललेली असणे हे न उघडणाऱ्या दाराचे फार साधे कारण असते. उजव्या कोपऱ्यात खाली भाषेचे चिन्ह असते, ते पाहावे. मोठ्या अक्षरांची कळ अडकलेली नाही ना, तेही पाहावे. दुसरे, पिन आणि संकेतशब्द या दोन निराळ्या वस्तू आहेत. चार-सहा अंकी पिन त्या एका यंत्रापुरती असते. नूतनीकरणानंतर कधी कधी 'आपली पिन उपलब्ध नाही' असा निरोप येतो. तेव्हा घाबरून न जाता 'साइन-इन ऑप्शन्स' या शब्दांवर टिचकी मारून किल्लीचे चित्र निवडावे आणि मूळ संकेतशब्द द्यावा. तो जर मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा असेल तर तो दुसऱ्या संगणकावरून अथवा मोबाईलवरून बदलून घेता येतो. खाते केवळ त्या यंत्रापुरते असेल, तर ते उघडताना जे तीन सुरक्षा-प्रश्न विचारले गेले असतील त्यांच्या उत्तरांवर भिस्त. (पहिल्या शाळेचे नाव विचारतात. एका गृहस्थांनी ते एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये लिहून पाहिले, तेव्हा तिसऱ्या खेपेस आठवले की त्यांनी मुलाच्या शाळेचे नाव दिले होते.)

दार उघडले, पण आतले घर ओळखीचे नाही, टेबल रिकामे, कागद नाहीसे, असेही होते. हे बहुधा तात्पुरते खाते असते. २०२० च्या फेब्रुवारीतील विंडोज १० च्या एका नूतनीकरणानंतर जगभर अनेकांस हाच अनुभव आला. त्यांची मूळ कागदपत्रे त्याच यंत्रात, नावापुढे शेपूट जोडलेल्या फोल्डरमध्ये, सुखरूप पडून होती. अशा तात्पुरत्या घरात काहीही लिहून ठेवू नये, कारण बाहेर पडताच ते पुसले जाते. यंत्र दोन-तीनदा बंद करून पुन्हा सुरू करावे. मात्र सर्वच प्रसंग इतके सौम्य नसतात. २०१८ च्या ऑक्टोबरमधील नूतनीकरणात काहींचे कागदपत्र खरोखरच पुसले गेले आणि कंपनीस त्याचे वितरण थांबवावे लागले. म्हणून महत्त्वाच्या कागदांची एक प्रत यंत्राबाहेर असावीच.

नूतनीकरणच मागे घ्यावे असे वाटल्यास तीही सोय आहे. शिफ्टची कळ दाबून ठेवून 'रीस्टार्ट' केले की निळा पडदा येतो. त्यात 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. संपूर्ण नवी आवृत्ती चढवली असेल तर जुनीकडे परतण्याची मुदत साधारण दहा दिवसांची असते. या निळ्या पडद्याचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला, ज्या दिवशी विंडोज १० ची नियमित देखभाल संपली त्याच दिवशी, विंडोज ११ साठी आलेल्या नूतनीकरणाने या पडद्यावर यूएसबीची कळपट्टी आणि माउस दोन्ही निकामी केले. दुरुस्तीची खोली उघडी, पण आत हात चालेनात! २० तारखेस त्यावर उतारा आला. मधल्या सहा दिवसांत ज्यांच्याकडे गोल पिनेची जुनी कळपट्टी होती त्यांचे काम चालले. जुनी वस्तू भंगारात काढू नये असे म्हणणाऱ्या आमच्या पिढीस एवढा एक पुरावा पुरे.

शेजारचा प्रसंग याहून कठीण होता. लष्करातल्या आमच्या वाड्याच्या मागील चौकात एक काकू राहतात, वय पंचाहत्तरीच्या पुढचे. काका सेवानिवृत्त झाल्यापासून एकाच कामास लागले होते. शिंदेशाहीबरोबर इकडे आलेल्या, आणि आता नामशेष होत चाललेल्या, आसपासच्या घराण्यांची माहिती ते जमवीत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून उतरवून आणलेल्या वंशावळी, जुन्या गृहस्थांच्या मुलाखती, पडलेल्या वाड्यांची छायाचित्रे, असे बारा वर्षांचे धन. सारे मुलाने बंगळूरहून पाठवलेल्या लॅपटॉपमध्ये. श्रावणात काका गेले. काकूंना यंत्र चालवता येई ते एवढेच, की झाकण उघडावे, काकांनी शिकवलेली पिन दाबावी, आणि एका फोल्डरमधला त्यांचा आवाज ऐकावा. मुलाखतींत प्रश्न विचारणारे तेच असत.

कार्तिकात एके दिवशी झाकण उघडले तो निळा पडदा. रात्री नूतनीकरण झाले होते, आणि यंत्र आता ४८ अंकी किल्ली मागत होते. मुलाने फोनवरून सांगून पाहिले. त्याच्यापाशी किल्ली नव्हती. बाजारातील दुकानदाराने पाहून निकाल दिला की फॉरमॅट करावे लागेल, नऊशे रुपये होतील. सुदैव असे की नऊशे रुपये आणावयास काकू घरी आल्या आणि वाटेत आम्ही भेटलो.

"अरे, तो म्हणतो पुसून नवे करून देतो. नवे घेऊन मी काय करू?" त्या म्हणाल्या.

ही ४८ अंकी किल्ली म्हणजे काय, ते समजून घेणे अगत्याचे आहे. नव्या यंत्रांत आतला सगळा मजकूर सांकेतिक लिपीत बदलून ठेवतात. लॅपटॉप चोरीस गेला तरी चोराला काही वाचता येऊ नये, हा हेतू. पुष्कळ यंत्रांत हे कुलूप मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रथम प्रवेश करताच आपोआप लागते, मालकास त्याची वार्ताही नसते. एरवी यंत्र स्वतःच ते उघडते. नूतनीकरणाने मूळ मांडणीत काही बदलले तर त्यास वाटते की कोणी परका आत शिरला, आणि मग ते राखीव किल्ली मागते. पहारेकऱ्याने मालकासच अडवावे, तसा हा प्रकार. आतली चकती काढून दुसऱ्या यंत्रास जोडली तरी उपयोग नाही, आणि किल्ली हरवली तर ती खुद्द मायक्रोसॉफ्टलाही नव्याने घडवून देता येत नाही. फॉरमॅट केल्यावर यंत्र उघडते, पण रिकामे. दुकानदार खोटे बोलत नव्हता. त्याला यंत्र दुरुस्त करावयाचे होते, काकूंना माणूस हवा होता.

कुलूप आपोआप लागले असेल तर किल्लीही आपोआप कोठेतरी जमा होते : ज्याच्या खात्याने यंत्र सुरू झाले त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. खाते काकांचे. त्यांचा ईमेल पत्ता दिनदर्शिकेच्या मागे सापडला, संकेतशब्द कोठेच नाही. नवा संकेतशब्द मागितला तर खात्याने खातरजमेचे अंक पाठवण्याची तयारी दाखवली, काकांच्या मोबाईलवर. आम्ही काकूंकडे पाहिले. गेलेल्या माणसाचा क्रमांक लोक बहुधा महिन्या-दोन महिन्यांत बंद करतात.

काकू उठल्या, देवघराच्या फळीवरून काकांचा जुना फोन आणला. चार्ज केलेला होता. "दर महिन्याला पैसे भरते मी," त्या किंचित ओशाळून म्हणाल्या. "बंद करवत नाही रे."

अंक आले. खाते उघडले. आत एक सोडून दोन किल्ल्या होत्या, जुन्या यंत्राची एक आणि या यंत्राची एक. निळ्या पडद्यावर किल्लीचा जो ओळखक्रम दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरे ताडून योग्य ती निवडावयाची. मग काकूंनी सहा-सहा अंकांचे आठ गट वाचले आणि आम्ही टंकले. येथे शिक्षकाच्या उपयोगाची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. या किल्लीतील सहा अंकांचा प्रत्येक गट ११ ने निःशेष भागला जातो. कागदावर उतरवताना चूक झाल्याचा संशय आल्यास एकाआड एक अंकांची बेरीज करून वजाबाकी पाहावी. शून्य किंवा ११ च्या पटीत यावयास हवी. १३५७९५ घ्या : एक, पाच, नऊ मिळून पंधरा, तीन, सात, पाच मिळूनही पंधरा. 'विभाज्यतेच्या कसोट्यांचा आयुष्यात उपयोग काय?' असे विचारणाऱ्या मुलांना देण्यास आमच्यापाशी आता उत्तर आहे. काकूंचा पाचवा गट या कसोटीवर अडखळला. चष्मा पुसून त्यांनी तो पुन्हा वाचला, सहाच्या जागी आठ होता.

यंत्र उघडले. आम्ही लगेच घरी निघालो, कारण काकूंनी तो फोल्डर उघडला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन सर्व सामग्री दोन निराळ्या चकत्यांवर उतरवली, एक काकूंच्या कपाटात आणि एक मुलाकडे.

शिवछत्रपतींच्या गडांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी असत, हे सभासदाच्या बखरीत आलेले आहे. आम्ही इतिहासाच्या तासाला हे फितुरीवरचा उपाय म्हणून शिकवत आलो. आता वाटते की त्यात मरणावरचाही उपाय होता. एक गेला तर गड मुका होऊ नये. घरच्या संगणकावर तिघे नकोत, दोघे पुरेत. रोज वापरावयाचे खाते साधे ठेवावे, कारभाऱ्याची दोन खाती निराळी असावीत, एक घरातल्याचे आणि एक दूरच्या विश्वासू मुला-मुलीचे. 'सेटिंग्ज'मध्ये 'अकाउंट्स', त्यात 'युअर इन्फो' येथे आपल्या नावाखाली 'ॲडमिनिस्ट्रेटर' असे लिहिलेले आहे की नाही ते दिसते. 'अदर युजर्स' येथे दुसऱ्यास तो अधिकार देता येतो. ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून दागिन्यांच्या डब्यात ठेवावी. संगणकातच ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत. ही सर्व उठाठेव पुढले नूतनीकरण येण्यापूर्वीची. निळा पडदा आल्यावर यातले काहीच करता येत नाही.

बायकांना हे सांगितलेले असते का, असे आम्ही वाड्यात चार घरी विचारून पाहिले. तीन घरी उत्तर एकच मिळाले : "ते सगळं हेच बघतात."

शाळेत आम्ही आपल्यापुरती व्यवस्था केली आहे. सरकारी शाळेत मुख्याध्यापक बदलला की प्रभारसूची होते. तीत लाकडी कपाटे, पितळी घंटा, स्कॉलर रजिस्टरे, तुटक्या खुर्च्यांसुद्धा सारे नगावारी लिहिलेले असते. त्या सूचीत आता एक नवी ओळ आहे : 'मोहोरबंद लिफाफा, नग १, संगणकाच्या कारभारी खात्याचा'. दुसरा तसाच लिफाफा ज्येष्ठ शिक्षिकेच्या ताब्यात असतो, आणि संकेतशब्द बदलला की दोन्ही लिफाफे बदलतात. लिपिकबाबूंनी मात्र लेखणी थांबवून विचारले, की हा लिफाफा स्थायी सामग्रीत धरावयाचा की उपभोग्य सामग्रीत. आम्ही थोडा विचार केला आणि स्थायी सामग्रीत लिहावयास सांगितले.